रकाना सातवा

तहसीलातून कागद आला :
शंकरपटामुळे गावास काय लाभ झाला, ते कळवावे.
रकाने सात. मुदत शुक्रवार.
मी ग्रामपंचायतीचा ऑपरेटर,
सायकल काढली.

कोसमटोल्याच्या बांध्यांत धानाची खुंटं अजून टोचतात,
दाण मात्र अंगणासारखी लख्ख.
तीन दिवस तिच्यावर जोड्या सुटल्या,
सात सेकंद, सव्वासात,
आणि त्या सात सेकंदांसाठी
पार बालाघाटाकडून माणसं उतरली ट्रकांतून
बैलांसकट, भुकेसकट.

बिछायतवाला दुधराम नाकाडे बोटं मोडतो :
"गाद्या दोनशे गेल्या, एकशे एक्याऐंशी आल्या.
तरी फायदाच लिव."
पंक्चरवाल्या इस्राईलनं
वर्षाचे काटे तीन दिवसांत काढले.
मुक्ताबाई भेंडारकरची तर्री नऊलाच संपली,
मग तिनं कोरडे पोहे विकले,
लोकांनी तेही खाल्ले,
वर म्हणाले, बेस.
रात्री नाटक.
खलनायकाला पाचशेची नोट बक्षीस,
नायकाला काही नाही.
हे कोणत्या रकान्यात?

जयपाल कोवेला मी विचारणार नव्हतो,
त्याची जोडी पहिल्याच फेरीत हरली.
बैलाच्या खुराला तेल चोळत तोच बोलला,
"मागल्या साली याले कोनी तीस देत नोयता.
हरला, तरी आता साठ बोलते लोक.
मी इकत नाही. हेही लिव."
यालाही रकाना नव्हता.

शेवटचं घर रेवंता मडावीचं.
योजनेतला संडास,
चार वर्षं त्यात गोवऱ्या.
पटाच्या आदल्या रात्री तिनं त्या बाहेर काढल्या,
भिंत सारवली, खडूनं लिहिलं :
पाच रुपये. बादलीभर पाणी.
"नऊशे चाळीस आले," ती म्हणाली,
"बायांचे घेतले नाही."
लुगड्याच्या गाठीत नाणीच नाणी,
चालली की वाजायची.

गोवऱ्या आता कुठं?
"अंगणात पडल्या हायेत."
मग दाराकडं बघत, आवाज उतरवून,
"आज सकाळी मामाजी गेले होते आत.
पयल्यांदाच. डबा न घेता.
कोनाले सांगू नोको."

परत आलो.
सहा रकाने भरले, बेरीज दोनदा केली,
गाद्या वजा करून.
दाणीवर पोरं टायर पळवत होती,
तोंडानंच सेकंद मोजत.
सातवा रकाना : कायमस्वरूपी लाभ.
त्यात टाकलं, १.

सोमवारी तहसीलातून फोन.
"एक काय? लाख? किलोमीटर?"
मी शब्द दिला होता.
"एकच, साहेब," म्हटलं,
"चूक नाही ती."