सातवी सुई

पायांना मुंग्या येतात, म्हटलं
तर मोरेश्वर हसला: साखर कमी खा.
मग एका संध्याकाळी ऐरोलीच्या मार्केटातून
एका चपलेनं घरी आले.
दुसरी कुठं सुटली, तळव्याला पत्ताच नाही.

रिपोर्टात बी-ट्वेल्व्ह एकशे चार.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, अंडं?
आमच्यात नाही, म्हटलं.
पुढं काही न बोलता त्यांनी लिहिलं.

एक दिवसाआड कंपाउंडर दंडात लाल पाणी सोडतो,
जास्वंद चुरगळल्यासारखं.
कशाचं करतात हो हे?
मावशी, हात सैल सोडा.

रात्री तळवे तव्यावर.
चादरसुद्धा सोसत नाही.
मोरीत बादलीत पाय घालून बसते,
खिडकीतून खाडीचा खारट वास,
समोरच्या टॉवरचा बारावा मजला जागा.
त्यांचंही काही दुखत असेल.

फॉल लावताना सुई बोटांत आहे की पडली,
हे गेलं वर्षभर डोळ्यांनीच बघत होते.
सातव्या इंजेक्शनानंतरच्या मंगळवारी
कुसुंबेबाईंच्या मोतिया साडीवर
टोचलं.
आई गं! इतक्या मोठ्यानं,
की मोरेश्वर पेपर टाकून आला.
मी बोट पुढं केलं, हसत.
तो काठाकडं बघत म्हणाला,
डाग आधी गार पाण्यात घाल.