प्ले

रिमोट नाही बाबा, कंट्रोलर म्हणा,
असं ओजस दुकानाच्या पायरीवरच बजावतो.
बरं. कंट्रोलर.
एक आहे घरी, कन्सोलसोबत आलेला.
एकट्याने खेळायचं तर पुरतो.
दुसरा मूळ कंपनीचाच घ्यायचा तर साडेपाच हजार,
म्हणून 'हलक्यातला बघा' असं सुनंदा म्हणाली,
जशी टवका उडालेली बशी आपसूक
घरच्याच माणसासमोर येते.

शालिमारच्या पुढे, जिन्याखाली, मुस्तकीमचं दुकान.
तो काचेवर मांडत जातो.
बाराशेवाला वायरचा, वायर तीन मीटर.
सिडकोच्या तिसऱ्या स्कीममधला आमचा हॉल
अडीच मीटर. पुरून उरेल.
दुसऱ्याला लाल-निळे दिवे,
वरातीतल्या घोड्याच्या कपाळावर शोभतील असे.
मी दिवे बघत नाही.
अंगठ्याखालची घुंडी हळूच डावीकडे नेतो,
सोडतो,
मधोमध परत येते का पाहतो.
येते. पण केसभर कमी.
चोवीस वर्षं अंबडला गेज लावतोय,
केसभर म्हणजे किती
ते मला चष्म्याशिवाय कळतं.

"ह्याला प्ले आहे," मी म्हणतो.
"अहो काका, प्लेसाठीच तर घेताय!"
मुस्तकीम हसतो, ओजस हसतो,
मीही, जरा उशिरा.

आमच्याकडे प्ले म्हणजे ढिलाई.
पिन आणि भोक यांच्यात
नको तेवढी उरलेली जागा.
जॉबमध्ये सापडला तर लाल खूण करून बाजूला ठेवायचा.
प्रेसमध्ये असला तर सुपरवायझरला सांगायचं,
आणि सुपरवायझर म्हणतो, एवढी शिफ्ट काढा.

काढली होती एक.
माझ्या उजव्या तर्जनीची दोन पेरं
त्या शिफ्टमध्ये राहिली.

हे दुकानात कशाला सांगायचं.
घरीही कुठे सांगितलं, की एका रात्री
ओजस झोपल्यावर, टीव्हीचा आवाज मिटवून
मी त्याचा कंट्रोलर हातात घेतला होता.
डावीकडे वरच्या कडेला ब्रेक,
उजवीकडे वरच्या कडेला रेस.
ब्रेक छान लागत होता.
मधलं बोट रेसवर न्यावं तर पकड सुटायची.
बाकीच्या गाड्या निघून गेल्या,
मी लाइनीवर उभा,
थंडीत गॅरेजसमोर उभ्या स्कूटरसारखा.

"मागच्या बाजूला बटणं असलेला आहे का?"
ओजस विचारतो. माझ्याकडे न बघता.
"ज्याला कुठलंही काम नेमून देता येतं, तसला."

मुस्तकीम खाली वाकतो,
उन्हाने पांढरा पडलेला खोका काढतो.
कंपनीचं नाव त्यालाही वाचता येत नाही.
अठराशे पन्नास. बिल नाही.
गॅरंटी? सात दिवस, तीही तोंडी.
मी हातात घेतो.
मागे, बरोबर अनामिकेखाली, एक बटण.
टक्.
नाव नसलेल्या कंपनीचं,
नाव नसलेल्या बोटासाठी.

घुंडीही तपासतो, सवय.
केसभर.
ह्यालाही प्ले आहे. बोलत नाही.
सतराशेला मागतो, साडेसतराशेला तुटतं.

रात्री ओजस माझ्यासमोर मांडी घालून बसतो,
दोन बटणं एकदम दाबून धरतो, दिवा लुकलुकतो.
"आता रेस इथे आहे," एवढंच.
कधी पाहिलं त्याने, विचारायचं राहतं,
कारण गाड्या सुटल्यात आणि माझीही सुटलीय,
आपोआप थोडी डावीकडे ओढत,
भिंतीला घासत, ठिणग्या उडवत.
"बाबा, उजवीकडे धरा!"
धरतोय रे.
ह्या जॉबवर लाल खूण करायला हवी होती.
सुनंदा दारात पोळपाट घेऊन थांबलीय, पोळ्या अर्ध्यावर.

पुढच्या वळणावर त्याची गाडी उभी दिसते.
धडकलाय, की थांबलाय,
मी विचारत नाही.
अनामिका दाबून धरतो.