तारखेची जागा

राजीनामा मीच टाइप केला होता.
निवडणुकीला अकरा दिवस होते,
पत्र्यावर गारा वाजत होत्या, वीज गेलेली,
म्हणून जुन्या हातयंत्रावर, एकेक अक्षर ठोकून :
'मी, सातुर्निना वाराची,
कालापाता पालिकेची सदस्य,
घरगुती कारणास्तव, स्वखुशीने...'
आणि तारखेपुढे नुसती टिंबं.

कायद्यानं निम्म्या जागा बायकांच्या झाल्या.
बोलिव्हियाच्या या पठारावर वारासुद्धा पुरुषांना विचारून वाहतो,
पण निम्म्या म्हणजे निम्म्या, तिथं काही चालेना.
मग मंडळींनी कोकाची पानं गालात धरून तोड काढली :
अर्धी मुदत ही, अर्धी सेनोबियो,
मतपत्रिकेवर तिच्या नावाखाली छापलेला तिचा पर्याय.
अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे सरकवली.
तिनं पेन मागितलं.
सही केली मोठी, रेघेबाहेर गेलेली.
मी गप्प होते.
माझी नोकरी कंत्राटी.

सभेचं इतिवृत्त मी लिहायची.
ती बोलायला उठली की खुर्च्या करकरायच्या,
कुणाला लघवी आठवायची, कुणाला लामांचं चरणं.
मी लिहायची : 'सदस्या बोलल्या. नोंद घेतली.'
काय बोलल्या, ते लिहायची पद्धत नव्हती.

ती काय बोलली, ते असं :
बिलात पाइप तीनशे चाळीस,
चरात दोनशे सहा.
तिनं मोजले होते. पाठीवर पोर बांधून,
घेरदार पोयेरा गुडघ्यापर्यंत खोचून,
चिखलातून चालत,
हॅट डोक्यावरून न पडू देता.

आठवाच महिना होता.
अर्धी मुदत कुठल्या कुठं,
पण त्यांनी खण उघडला.
कागद माझ्यापुढे आला.
'आजची तारीख घाल.'

तिनं एकदा मला विचारलं होतं,
कागदात तुझं नाव कुठं असतं गं?
खाली, म्हटलं. बारीक अक्षरात. सचिव म्हणून.
'म्हणजे तू हजर होतीस म्हणायची,'
एवढंच म्हणाली, आणि पोराचं नाक पुसलं.

मी टिंबांवर तारीख घातली.
खरी.
ज्या दिवशी गारा पडल्या होत्या, त्या दिवसाची.

भर सभेत महापौरांनीच वाचून दाखवला,
आवाज चढवत, स्वखुशीनेवर थांबत,
आणि तारखेपाशी आले.
पुन्हा आले.
चष्मा काढून पुसला.
मागून म्हातारी प्रिमितिवा, चुन्यो विकणारी,
दात नसलेल्या तोंडानं ओरडली,
'अगं बाई! लग्नाआधीच काडीमोड?'
हसू एका हॅटखालून दुसऱ्या हॅटखाली सरकत
पार दारापर्यंत गेलं.
सातुर्निना हसली नाही.
तिनं विचारलं, मूळ विषय होता तो,
एकशे चौतीस पाइप कुठं आहेत?

ते अजून सापडलेले नाहीत.
तिच्या खिडकीच्या काचा दोनदा फुटल्या,
आता तिथं पुठ्ठा आहे.
तिच्या नवऱ्याला बाजारात 'सदस्यीणबाई' म्हणतात,
तो बटाटे निवडत राहतो.
तिची खुर्ची दाराजवळची, थेट वाऱ्यात.
सेनोबियो अजून पर्यायच.
त्या दिवसाच्या इतिवृत्ताचं पान वहीत नाही.

माझं कंत्राट महिनाअखेर संपलं. तसं पत्र आलं,
तारखेसकट.

तरी मी सभेला जाते.
सभा सगळ्यांना खुली, असं त्यांच्याच नियमात आहे.
मागच्या बाकावर विणकाम घेऊन बसते.
कोण बोललं, कुणाला मध्येच तोडलं,
ती बोलताना कोण उठून गेलं.
लोकरीत एकेक गाठ घालते.
त्यांना वाटतं, टाके मोजतेय.