पोचा

खडेबाजारातल्या माझ्या टपरीत
नोव्हेंबरात हमखास येतो मष्णू हुंदरे.
आधी बँकेत, जिवंत असल्याचा दाखला द्यायला,
मग माझ्याकडे. पिशवीतून कॉर्नेट काढतो.
"तेल घाल रे. बटणं अडकालीत."

बेळगुंदीचा माणूस. नखांत रताळ्याची तांबडी माती.
पितळ कसं धरायचं ते मात्र
त्या बोटांना अजून ठाऊक आहे.

दरवर्षी मी विचारतो,
भोंग्यावरचा हा पोचा काढून देऊ?
दरवर्षी तो म्हणतो, नको.

यंदा लाइट गेली होती, डागणी थंड पडलेली.
तो स्टुलावर बसला
आणि मी न विचारताच बोलला.

"लढाई लागली की बँड वाजत न्हाई.
वाद्यं पेटीत, पेट्या हितं कॅम्पात,
आणि वाजवणारे पुढं, स्ट्रेचर उचलाय.
मी म्होरं, नारू कंग्राळकर मागं.
मास्तरनं शिकवलं हुतं, मिनिटाला एकशे सोळा पावलं.
चिखलात कुठली एकशे सोळा!
तरी मोजत हुतो.
मोजलं की गोळ्यापण ठेक्यात बसतात,
अंगावर आल्यागत वाटत न्हाईत.

सहा फेऱ्या झाल्या.
एक पोरगा बैलहोंगलचा, कन्नडात पाणी मागालता.
नारू मागनं त्याला सांगायचा, बंतु, बंतु,
आलं बघ, आलंच.

सातव्या फेरीला
मागचं टोक भुईला टेकलं.
हाक मारली. परत मारली.
मग वढतच नेलं मी, जसं जमंल तसं.
वरचा वाचला.

पदक लावताना बँड वाजालता.
माझ्या जागी कोण हुता बघितलं न्हाई.
स्ट्रेचरला दोन टोकं असतात, बाबा."

बराच वेळ तो कॉर्नेटच्या नळीवरचा नंबर
अंगठ्यानं पुसत राहिला.
"लिलावात घेतलं हे, भंगारात. नंबर बघून.
नारूचं हाय.
धुताना नळावर आपटलं त्यानं,
तीन दिवस पिठ्ठू लागला हुता.
पोचा त्याचा हाय. तू कसा काढणार?"

शाळावाले सव्वीस जानेवारीला बोलावतात.
खुर्ची देतात, शाल देतात,
कन्नडातनं नाव वाचताना मष्णूचा विष्णू करतात.
वाजवा म्हणतात. दात गेले,
ओठ धरत नाही, हे तो त्यांना सांगत नाही.

मी तिन्ही बटणांत तेल सोडलं.
त्यानं तोंडाला लावलं, फुंकलं.
सूर नाही. नुसता वारा.
"रोज पहाटे एवढंच करतो," म्हणाला,
"आतनं गंजू नये म्हणून."

भोंग्यापुढं मी हात धरला.
तळव्याला ऊब लागली.

पैसे विचारले, मी पुढच्या नोव्हेंबरावर ढकलले.
"असलो तर," म्हणाला, आणि
बेळगुंदीची बस गाठायला रस्ता ओलांडून गेला,
रिक्षावाल्याच्या हॉर्नला न जुमानता, आपल्याच चालीनं.

स्टुलाखाली रताळ्याची पिशवी राहिली होती.
मी हाक मारली नाही.
दरवर्षी विसरतो तो.