जलचिन्ह

पहाटेचे पावणेसात. निफाडचा पारा पाचावर,
द्राक्षबागांतल्या शेकोट्यांचा धूर आडवा पडलेला,
आणि चापडगावच्या बांधावर मी,
तिपाईचे तीन पाय चिखलात रोवून.
एकनाथ दराडे मफलरच्या टोकाने दुर्बीण पुसतो.
"काका, धुकं हललं की पट्टकादंब उठतील.
काल चारशे मोजले."

काल.
ऋजुताकडे अजून कालच चालू आहे.
कॅलिफोर्नियात, कड्याच्या टोकाशी गाडी लावून
तीही उभी आहे कॅमेरा घेऊन.
या दिवसांत तिथून देवमासे खाली उतरतात
उथळ, उबदार पाण्याकडे, पिलांसाठी.
खिशात फोन थरथरतो.
बाबा, दिसला!
मागोमाग फोटो.

पाणी. नुसतं पाणी.
कोपऱ्यात, बोटाने पुसल्यासारखा
एक पांढुरका डाग.
हा त्याचा श्वास, ती लिहिते.
पाठ वर आली आणि मी बटण दाबेपर्यंत गेलासुद्धा.

नाशिकरोडच्या छापखान्यात
एकतीस वर्षं मी नोटा तपासल्या.
कागद उजेडापुढे धरायचा, आधी तिरका, मग सरळ.
आतलं चिन्ह नीट उमटलं असेल तर पास.
पुसट, सरकलेलं, अर्धवट: बाद.
सुटताना फाटकावर झडती,
खिसे उलटे, डबा उघडा.
कोट्यवधी गेले या हातांखालून,
घरी आली ती नखांतली शाई.
ऋजुता लहानपणी माझी बोटं हुंगायची, म्हणायची,
बाबांना पैशांचा नाही, रॉकेलचा वास येतो.

"हे परत जातात," मी एकनाथला विचारतो,
"तेव्हा घरी जातात, की घर सोडून?"
तो दुर्बिणीतून डोळा काढत नाही.
"अंडी घालतात ते घर, काका.
इथं काय, नुसते हरभरा खायला येतात."
मग थोड्या वेळाने, "पण येतात."

तीन हिवाळे झाले,
पुढच्या हिवाळ्यात नक्की, असं ती म्हणते त्याला.

"काका! काका!"
आधी आवाज,
नाकातल्या नाकात बोलत निघालेल्या वऱ्हाडासारखा.
मग सगळं पाणी एकदम उभं राहिलं.
डोक्यावर रांग, मोडणारी, पुन्हा जुळणारी,
हिमालय ओलांडून आलेली
आणि कुठल्या वावरात उतरायचं यावरून भांडणारी.
डोक्यांवरचे दोन काळे पट्टे मला दिसले,
शपथेवर सांगतो, दिसले.
बोटं मात्र गारठलेली.
बटण दाबलं तेव्हा एकनाथ म्हणाला, "गेले."

स्क्रीनवर पाहिलं.
पाणी. त्यावर वलयं,
एकमेकांत शिरत चाललेली,
आणि एक पीस, तेही धूसर.
एकतीस वर्षांची सवय, अंगठा आपोआप
खोडायच्या खुणेवर गेला.
तिथेच थांबला.

तिला पाठवून दिला.

बराच वेळ काही नाही.
एकनाथने थर्मासमधला चहा झाकणात ओतला,
अर्धा मला, अर्धा त्याला.
मग उत्तर:
छान आहे. पण बाबा, पक्षी कुठायत?

उजेडापुढे धर, मी लिहिलं.
आधी तिरका. मग सरळ.

तिच्याकडे अजून पाचेक मिनिटांचा आहे.