टेबल, दोघांसाठी

पद्याचा निरोप आला: गुरुवारी उतरतोय, दोनच दिवस आहे.
मॉल दाखवू नकोस.
उंच इमारती आमच्या पिंपरीतही उगवल्यात.
जेवायला कुठे नेतोस, एवढं सांग.

एकवीस वर्षं झाली मला मस्कतमध्ये.
समुद्राचं पाणी गोड करण्याच्या कारखान्यात
झडपा उघडतो, झडपा मिटतो
आणि डबा खातो.
कुठे नेतोस, म्हणे.

हा माणूस साधा नाही.
कराडच्या मेसमध्ये आमटीचा पहिला घोट घेऊन
आचाऱ्याला सांगायचा, आज गूळ मागाहून पडलाय.
आचारी चिडायचा, मग मान्य करायचा.

शाजहानला विचारलं.
रुवीत आमच्या गाववाल्याचं हॉटेल आहे, म्हणाला,
परोट्याला नुसता हात लावा, पदर सुटतात.
पण परोट्यासाठी पद्या कोल्लमला जाऊन आलाय.
सलीम अल हारथीला विचारलं, शुवा कुठे मिळेल?
रात्रभर जमिनीत पुरून ठेवलेलं ते मांस.
तो त्याच्या हिंदीत हसला:
शुवा ईदला, घरी.
हॉटेलातला शुवा म्हणजे भाड्याने आणलेला मामा.
साताऱ्याहून बायको म्हणाली, मटकी भिजत घाला की.
मटकीसाठी तो अडीच तास विमानात बसणार?

मत्राला बंदरावर कनद मिळतो तव्यावरचा,
कनद म्हणजे आपली सुरमईच.
सुरमई खायला घातली तर म्हणेल, मालवणला काय पाण्यात वाळू होती?
शेवटी अल खुवैरच्या येमेनी हॉटेलात फोन केला.
खाली बसायचं, एकच थाळा, मंडी.
नाव? सदाशिव. पुन्हा सांगा. सदाशिव.
बरं, दोघं, साडेसहा.

रमजान चालू आहे हे सांगायचं राहूनच गेलं.

सकाळी खारी पुढे केली तर नको म्हणाला,
रात्रीसाठी जागा ठेवतो.
मग दिवसभर शहर पडदे ओढून बसलेलं.
मत्राच्या गल्लीत लोबानाचा वास,
हलव्याच्या दुकानात परात झाकलेली,
पद्या त्या झाकणाकडे बघत उभा.
दुपारपर्यंत त्याच्याकडचे सगळे पदार्थ सांगून संपले.
गाडीत गप्प बसला.
तीस वर्षांत मी त्याला गप्प पाहिलं नव्हतं.

मग काचेबाहेर बघतच म्हणाला,
सुमतीला जाऊन चौदा महिने झाले.
तेव्हापासून चव सगळी कळते रे,
भूक लागत नव्हती.
जेवायला बसायचो ते परीक्षकासारखा.
मी गिअर बदलला. दुसरं काय करणार.
थोड्या वेळाने म्हणाला,
आत्ता लागलीये.

खुवैरच्या वळणावर सिग्नल लाल.
पुढे गाड्यांची रांग, प्रत्येकाला घर गाठायचं होतं.
तेवढ्यात अजान झाली
आणि पांढऱ्या दिशदाशातला एक पोरगा,
नक्षीची टोपी डोळ्यांवर घसरलेली,
खिडकीतून दोन पुठ्ठ्याचे डबे टाकून
पुढच्या गाडीकडे पळाला.
आम्ही कोण, उपास होता का, काही विचारलं नाही.

तीन खजूर, ताकाची बाटली, केळं,
आणि वाफेने मऊ पडलेला समोसा.
पद्याने समोसा खाल्ला.
मी निकालाची वाट बघत राहिलो.
सारणात मीठ विसरलेत, म्हणाला,
आणि माझ्या डब्यातला उचलला.
मागून हॉर्न. हिरवा होऊन गेला होता.

हॉटेलात टेबल दुसऱ्याला दिलेलं.
पाऊण तास उभे होतो.
मंडी चांगली होती.
पद्याही म्हणाला, चांगली आहे.
त्याचं ‘चांगली आहे’ मला कराडपासून ठाऊक आहे.
बिलावरून भांडलो, मी जिंकलो, रियाल त्याच्याकडे नव्हतेच.

शनिवारी विमानतळावर, बॅग काट्यावर ठेवून
त्याने ती वही काढली,
जिच्यात गावोगावच्या खाणावळी लिहून ठेवतो.
त्या डब्याचं ठिकाण काय म्हणालास?
अल खुवैर. सिग्नल.
खु ऱ्हस्व की दीर्घ?
ऱ्हस्व, म्हणालो.
खात्री नव्हती.