हातचा एक

शुक्रवारी पहाटे साडेचारला केरीहून गाडी सुटते.
गाडी म्हणजे ओम्नी, दोन मालकांनी वापरून सोडलेली.
हीटर नाही. एसीचं बटण आहे, बटणामागे काही नाही.
आत सहा बायका, अकरा टोपल्या,
तांबडी भाजी, मुळे, कोनफळं, केळीची ओली पानं,
आणि रात्रभर दवात पडलेल्या झेंडूचं पोतं.

अंजुण्याच्या धरणावरून उतरतं ते धुकं बाहेरचं.
हळू चालवलं की ते वाट देतं.
आतलं वेगळं.
बायका बोलतात, भाजी श्वास सोडते,
होंडा येईपर्यंत काच पांढरी,
कोणी आतून चुना फासल्यासारखी.

उपाय सगळ्यांकडे होते.
मेकॅनिक म्हणाला, बटाटा चोळ. चोळला.
काच तशीच, गाडीला आठवडाभर मातीचा वास.
मेव्हणा म्हणाला, दाढीचा फेस.
साखळीच्या पंपावरचा पोरगा म्हणाला,
मोज्यात मीठ भरून पुढे ठेव;
मिठानं पाणी घेतलं आणि स्टिअरिंगपुढे रडत बसलं.
खरा उपाय एकच, काच चार बोटं खाली.
पण मग मागून सगळ्या एका आवाजात: थंडी रे!

म्हणून सत्यभामा गावस पुढे बसायची.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू,
हातात जुन्या लुगड्याचा बोळा.
'जनेल हांव पुसतां, तूं रस्तो पळय.'

पुसायची ती समोरची काच.
तिच्या बाजूची मात्र तिची पाटी.
बोटानं लिहायची,
मुळे चाळीस जुड्या,
इनास हॉटेलवाला मागचे सत्तर,
गाडीभाडं.
डिचोलीपर्यंत बेरीज, अस्नोड्याला वजाबाकी,
म्हापशाचे दिवे दिसले की तळहातानं सगळं सपाट.
शाळेत दोनच वर्षं गेलेली,
पण हातचा कधी विसरली नाही.
वर कोपऱ्यात बारीक एक,
ओठ हलवत लिहिलेला.

पौषात एका शुक्रवारी ती आली नाही.
मुलगा म्हणाला, कंबर.
पुढच्या शुक्रवारी म्हणाला, बांबोळी.
त्याच्या पुढच्या शुक्रवारी कोणी काही म्हणालं नाही,
दारात चपला खूप होत्या.

पुढची सीट मी रिकामी ठेवली असं नाही.
झेंडूच्या पोत्याला दिली.
झेंडू श्वास सोडत राहिला,
होंडा आलं, काच पांढरी झाली,
आणि त्या पांढऱ्यात आकडे उठले.
एकावर एक, कितीतरी शुक्रवारांचे.
बोटाचं तेल काच धरून ठेवते म्हणे,
वाफ तिथं तशी बसत नाही.
खोबरेल असणार.
चाळीस. सत्तर. एक तीन, नाहीतर आठ.

मी गाडी कडेला घेतली.
मागून विचारलं, 'कितें जालें रे?'
'कांय ना. दिसना.'
दिसत होतं ते सांगितलं नाही.

म्हापशात इनासला म्हटलं, सत्तर.
त्यानं वाद घातला नाही.
गल्ल्यातून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या,
वर चहा दिला, बिनसाखरेचा,
तिला लागायचा तसा.
मला साखर लागते. प्यालो.

आता फाल्गुन. काच कोरडी,
पलीकडे नुसते काजू, नुसती धूळ.
गाडी मी आतूनही धुतो,
ती एक काच सोडून.
बायका म्हणतात, डाग पडलेत बघ.
म्हणतो, थंडीत काढू.

येणी जेवढी वाचता आली तेवढी वसूल केली,
मुलाला पोचवली.
राहिला तो वरच्या कोपऱ्यातला एक.
कुठल्या रकान्यात मिळवायचा
ते ती बोलली नव्हती,
नुसते ओठ हलले होते,
आणि मी रस्ता बघत होतो.